खुर्चीला इंग्रजीत काय म्हणतात?

हॉटेलच्या धुलाई विभागातल्या मुकादमाने बारा वर्षं तळघरात वाफ खाल्ली होती. चादरी मळक्या यायच्या, पांढऱ्याशुभ्र होऊन वर जायच्या, आणि हा मात्र तिथेच उकडत राहायचा. छाती तपासून डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, आता वर उजेडात या. वर स्वागतकक्षात एक जागा रिकामीही झाली होती. पण नव्या मॅनेजरबाईंना म्हणे भारदस्त इंग्रजी लागायचं, आणि मुकादमाचं इंग्रजी 'स्टार्च' आणि 'डाग'च्या पुढे सरकलेलं नव्हतं. त्यातला 'डाग' तर इंग्रजीही नव्हता.

लेकीने कंबर कसली. ती स्वतः कुठल्याशा परीक्षेसाठी अवघड शब्दांची घोकंपट्टी करत होतीच. तिने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या, वर शब्द आणि खाली अर्थ. फ्रिजवर 'मॅग्नॅनिमस', उदार मनाचा, कारण तो कुणालाच नाही म्हणत नाही. गळक्या नळावर 'लॅक्रिमोज', रडवेला. मिक्सरवर 'व्होसिफरस', आरडाओरडा करणारा. आजीच्या खुर्चीच्या पाठीवर 'टेनेशस', म्हणजे चिवट, कारण दोनदा पाय मोडूनही ती खुर्ची अजून ठाम उभी होती. वस्तूला हात लावायचा तर तिचा शब्द मोठ्याने म्हणायचा, असा नियम ठरला.

आठ दिवसांत मुकादम असा काही तयार झाला की विचारू नका. फक्त एक गोम होती. फ्रिजसमोर उभा राहिला की शब्द फाडकन यायचा, आणि दोन पावलं बाजूला झाला की डोकं कोरं करकरीत व्हायचं.

त्याच्या आईला इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं, पण कान भलते तिखट. दिवसभराचा हा जप ऐकून तिने एकदा विचारलं, "काय रे, खुर्चीला इंग्रजीत टेनेशस म्हणतात होय?" मुकादम कामावर निघायच्या घाईत होता. बुटाची नाडी आवळत तो म्हणाला, "हो हो, आई." झालं! त्या दिवसापासून म्हातारी नातीला, मॅग्नॅनिमसचं दार नीट लाव, गार हवा जातेय, असं खडसावू लागली. नातीला इतकी मजा वाटत होती की तिने चूक सुधारलीच नाही.

मॅनेजरबाई परगावी गेल्या होत्या, म्हणून मुलाखत फोनवर ठरली. मुकादमाला आकाश ठेंगणं झालं. घरात चिठ्ठ्या, घरातच मुलाखत, आणखी काय हवं?

पाहुण्यांशी वागणारा माणूस कसा असावा, बाईंनी इंग्रजीत विचारलं. मुकादम फ्रिजकडे धावला. "मॅग्नॅनिमस!" पाहुणा अंगावर ओरडला तर? तो मिक्सरवर झेपावला, शब्द सापडला, पण कोपर लागून मिक्सरही सुरू झाला. व्होसिफरस पाहुण्याशी शांतपणे कसं बोलावं, हे त्याला घसा फोडून सांगावं लागलं. सामान हरवून कुणी रडायला लागलं तर? तो नळाकडे पळाला, नियमाप्रमाणे हात लावला, आणि नळाची चावीच हातात आली. फोनवर धो धो आवाज गेला. लेक फडकं घेऊन धावली.

भिजलेला मुकादम धापा टाकत असतानाच शेवटचा प्रश्न आला. स्वतःचं एका शब्दात वर्णन करा.

शब्द खुर्चीवर होता. खुर्चीवर आई होती, पाठ चिठ्ठीला टेकून, मांडीवर मटाराचं ताट घेऊन. जरा पुढे सरक, अशी त्याने खुणेने विनवणी केली. ताट सांडेल, तिने खुणेनेच उत्तर दिलं. वर उजेडातली ती जागा त्याला डोळ्यांसमोर पुसट होताना दिसली. त्याने फोनवर तळहात दाबला आणि कळवळून विचारलं, "आई, खुर्चीला इंग्रजीत काय म्हणतात गं?"

"टेनेशस!" आई तारस्वरात म्हणाली. "एवढंही लक्षात राहत नाही तुझ्या? आणि निघालाय इंग्रजी बोलायला."

तळहात ओला होता आणि आईचा आवाज खणखणीत. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही पलीकडे स्पष्ट ऐकू गेलं. मुकादमाने मनातल्या मनात तळघराचा जिना उतरायला सुरुवात केली.

मग बाई मराठीत बोलल्या. "मिक्सर, नळ, आई, एवढं सगळं झालं तरी तुम्ही फोन ठेवला नाहीत. शब्द अगदी बरोबर आहे. सोमवारपासून वर या. फक्त पाहुण्यांशी साधं बोला, एवढी कृपा करा."

सोमवारी मुकादम कडक इस्त्रीचा कोट घालून काउंटरमागे उभा राहिला. उजेड असा भरभरून येत होता की त्याला भरूनच आलं. बाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. तेवढ्यात एक थकलेल्या आजी काठी टेकत आत आल्या. साधं बोलायचं, साधं, असं स्वतःला बजावत मुकादम लगबगीने पुढे झाला आणि दरवानाला सफाईदार इंग्रजीत म्हणाला, "मॅडमसाठी एक टेनेशस आणा, प्लीज."

दरवान जागच्या जागी थिजला. बाईंनी तोंडाला रुमाल लावला, कोपऱ्यातली खुर्ची स्वतः ओढत आणली आणि आजींना अदबीने म्हणाल्या, "बसा. आमच्याकडे हिला टेनेशसच म्हणतात."