भिंतीपर्यंतचं गवत

एके सकाळी निवृत्त हेडमास्तर चहाचा कप घेऊन बागेत आले आणि जागच्या जागी थबकले. लॉनवर, अवजारांच्या खोलीपासून थेट मागच्या भिंतीपर्यंत, वीतभर रुंद गर्द हिरवी पट्टी उगवली होती. बाकीचं गवत थंडीने पिवळं पडलेलं, मरगळलेलं. पट्टीतलं मात्र चार बोटं उंच!

त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बारा दिवसांपूर्वी ते लॉनला खत घालायलाच निघाले होते. पण पोतं काखोटीला मारून आधी भिंतीशी गेले, कारण पलीकडे शेजारचे दातांचे डॉक्टर बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. डाव रंगला, खत घालायचं राहून गेलं. पोत्याचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला होता, हे नंतर कळलं; म्हणजे वाटभर खत गळत गेलं होतं!

ही भेट चोरटी होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी गवत कापायचं यंत्र उसनं नेलं आणि पातं बोथट करून परत पाठवलं. तेव्हापासून हेडमास्तरीणबाईंचा हुकूम होता, त्या घराचं नाव काढायचं नाही. पण रोजचा तो अर्धा तास गेला तर हेडमास्तरांच्या दिवसात उरणार काय? पेपर आणि रक्तदाबाची गोळी.

त्यांनी घाईघाईने पट्टी कापली. उंची गेली, रंग राहिला. चार दिवसांत उंचीही परत आली. मूठभर पांढऱ्या दाण्यांत एवढी ताकद! चाळीस वर्षं पोरं शिकवली, पण इतक्या मुकाट्याने आणि झपाट्याने वाढणारा एकही विद्यार्थी त्यांनी पाहिला नव्हता. ही पट्टी आपलं बिंग फोडणार हे कळत होतं, तरी वाकून त्या पात्यांवरून हात फिरवल्याशिवाय त्यांना राहवेना.

"दोन्ही बाजूंना खत टाका," डॉक्टर भिंतीपलीकडून कुजबुजले. "पट्टी मिसळून जाईल, कळणारसुद्धा नाही."

"तुम्ही दातांचं बघा हो!" हेडमास्तर म्हणाले खरे, पण पोत्यात उरलं होतं तेवढं टाकून मोकळे झाले. आठवड्याभरात पट्टीचा हमरस्ता झाला.

आणि हेडमास्तरीणबाई चादरी वाळत घालायला गच्चीवर गेल्या.

"अहो! आधी वर या!"

हेडमास्तर वर गेले आणि भीतीच विसरले. पिवळ्या लॉनमधून हिरवा रस्ता असा काही निघाला होता की नजर ठरेना.

"हे काय आहे?"

"गवत."

"ते दिसतंय मला. त्या भिंतीकडे कशाला चाललंय?"

आता कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून आवाज आला.

"अगं बाई! काय घातलंत हो गवताला?"

डॉक्टरीणबाई कठड्याला टेकून आ वासून बघत होत्या. हेडमास्तरीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गवताकडे. दोन वर्षांचा राग आणि असं गवत, दोन्ही एका वेळी कसं मिरवणार?

"काही नाही हो, वेळेवर खत! लांबून काय बघता? या ना इकडे!"

त्या आल्या. दोघींनी चपला काढून त्या हिरवळीवर पाय ठेवले आणि भिंतीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पट काखेत घेऊन उजळ माथ्याने पुढच्या फाटकातून आले. हिरवळीवर टेबल मांडलं. दोघी शेजारी खुर्च्या टाकून बसल्या.

"अहो, घोडा तिथे काय ठेवताय? मरेल ना!" हेडमास्तरीणबाई म्हणाल्या.

"ह्यांना उंट दिसतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पटाच्या दोन्ही बाजूंना त्या दोघीच होत्या. हेडमास्तर आणि डॉक्टर मागे उभे राहून माना लांब करत होते.

"तिथे उभं राहून उजेड अडवू नका," हेडमास्तरीणबाई मान वर न करता म्हणाल्या. "जा, दोघं मिळून गवताला पाणी घाला. अर्धा तास तरी घाला."