गच्चीवरचा कनेक्टर

टीव्हीच्या वायरला मी हात लावायचो तो निव्वळ समाजसेवा म्हणून. ताईची मालिका सुरू झाली की मागे जाऊन कनेक्टर अर्धा आटा सैल करायचा. (केबलची वायर टीव्हीत जिथे घुसते ना, तिथला तो टोपीसारखा चकचकीत तुकडा.) चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, ताई रडकुंडीला यायची, आणि मग मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गंभीर चेहऱ्याने "बघतो" म्हणायचो. स्क्रूड्रायव्हरचा तिथे काडीचा उपयोग नसतो, पण हातात असला की लोक मान देतात.

महिनाभर असं चाललं. मग बाबांनी जाहीर केलं की घरातला आणि गच्चीवरच्या जोडाचा, दोन्ही कनेक्टर नवे आणायचे, आणि आणायला आपला इंजिनियर जाईल. (म्हणजे मी. गणितात सतरा.)

दुकानातल्या काकांनी पुढ्यात दोन तुकडे ठेवले. एक हाताने पिळून बसवायचा, तो घरातला. दुसरा जाडजूड, आत रबराची रिंग. पक्कडीने आवळला की पाणीही शिरत नाही आणि हाताने सुटतही नाही, तो बाहेरचा. उलटसुलट करू नकोस, असं काकांनी दोनदा बजावलं.

आता माझी अडचण समजून घ्या. बाबा हल्ली खुर्ची टीव्हीच्या शेजारीच लावून बसायला लागले होते. गच्चीवर मात्र चिटपाखरू नसतं. तेव्हा हाताने सुटणारा लावला गच्चीवर आणि न सुटणारा घरात. बाबांनी घरातला ओढून पाहिला, तो ढिम्म हलेना. त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की क्षणभर मलाच मी सज्जन वाटलो.

आमच्याकडे आत्या राहते. बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय. माझं प्रगतिपुस्तक बघून "अक्षर सुधारलंय हं" म्हणणारी घरात ती एकटीच. केबलच्या चॅनलवाल्यांनी तिची मुलाखत घेतली होती, ती रविवारी पाच वाजता लागणार होती. दहा मिनिटं, आणि एकदाच. त्या दिवशी आत्या तीन वाजल्यापासून इस्त्रीचे कपडे घालून, केस विंचरून टीव्हीसमोर बसली होती, जसा काही टीव्हीच तिला बघणार होता. शेजारी बसवरच्या दोघी मैत्रिणी. मी मनाशी ठरवलं, आज कशालाही हात लावायचा नाही.

पाचला पाच मिनिटं कमी असताना चौकोन आले.

कोणी टीव्हीकडे बघितलंच नाही, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शपथा घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि त्याला गिऱ्हाईक मिळेना. आत्या नुसती चष्मा काढून पुसत बसली. ते मात्र मला लागलं.

धावत गच्चीवर गेलो. टाकी भरून वाहत होती आणि धार थेट माझ्या कनेक्टरवर. (मोटर वेळेवर बंद करायचं काम घरात कोणाकडे आहे, ते राहू दे.) आत पाणी, तांबं हिरवं पडलेलं. पुसलं, फुंकलं, आवळलं, परत सुटलं. शेवटी दोन्ही टोकं चिमटीत घट्ट दाबून धरली. खिडकीतून ताई म्हणाली,

"आलं. हलू नकोस."

"पाणी मानेवर पडतंय. कोणीतरी मोटर बंद करा ना."

"शू. आत्या बोलतेय."

नंतर मी तोंड उघडलं की खालून नुसतं "शू" यायचं. दहा मिनिटं पाणी कॉलरमधून शिरून पँटमधून बाहेर पडत होतं. खाली सगळे हसले, मग टाळ्या वाजल्या. रोज दुसऱ्यांचा टीव्ही बंद पाडणारा मी, त्या दिवशी घरात मुलाखत न बघितलेला मी एकटाच.

खाली आलो तर आत्याने टॉवेलने माझं डोकं पुसलं. "कशी दिसत होते रे?"

"एकदम स्वच्छ," मी म्हणालो.

"शेवटी तुझ्याबद्दलपण बोलले मी."

काय बोलली ते ताई अजून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन दुकानात गेले. काकांनी विचारलं, आतला देऊ की बाहेरचा?

"आतला द्या," बाबा म्हणाले. "बाहेरचा आहे आमच्याकडे. काल दहा मिनिटं पाण्याखाली उभा करून पाहिला, टिकतो."

"चांगला माल दिसतोय," काका म्हणाले.

मी शिंकलो.