आईची बॅग निघाली बोडीकडे

गोदावरीबाईंना समुद्र पाहायचा होता. बस, एवढंच! पण लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि दर वर्षी हा समुद्र पुढे ढकलला गेला. कधी भाताची रोवणी आडवी आली, कधी म्हैस व्यायली, कधी नवऱ्याच्या, सेवकरामच्या, कुठल्या तरी चुलत साळ्याचं लग्न निघालं. यंदा मात्र उन्हाळ्यात त्यांच्या पोरानंच, कैलाशनं, पुरीची तीन तिकिटं काढली आणि जाहीर केलं, "आई, समुद्र फिक्स!"

कैलाश नागपूरला मोबाईलच्या दुकानात कामाला. तो गावी, करडीला, आला तोच एक खोकं घेऊन. आणि खोक्यात काय नव्हतं! मानेला लावायची फुगवायची उशी, तळहाताएवढा पंखा, पावर बँक, बॅग टांगून वजन करायचा काटा. फोनमध्ये तर विचारूच नका. गाडी कुठे पोचली ते सांगणारं ॲप, आपलं बोलणं उडियात करून देणारं ॲप, समुद्राला भरती कधी ते सांगणारं ॲप. पण त्याचा सगळ्यात लाडका होता एक पांढरा बिल्ला, रुपयापेक्षा जरा मोठा.

"हा बॅगेत टाकला नं आई, तं बॅग कुठंबी जाऊ दे, मले फोनवर दिसते."

"पण बॅग तं माह्या हातात राहीन."

"हाव."

"मंग ते मले अशीच दिसन नं?"

"आई, तुले टेक्नॉलॉजी नाई समजत."

कैलाशनं बिल्ला बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकला, फोनमध्ये त्याला 'आईची बॅग' असं नाव दिलं, बॅगेच्या कुलपाला स्वतःच्या पसंतीचा नंबर लावला, सातशे एकवीस, आणि निवांत झोपला.

आता ही बॅग म्हणजे निळी. गावातल्या दादाजींच्या पोरीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना आहेरात मिळालेली. म्हणजे अर्ध्या करडीकडे तीच बॅग, तेच नंबरचं कुलूप. हे लक्षात ठेवा.

सकाळी निघायची घाई. तेवढ्यात शेजारच्या पंचफुलानं प्रवासासाठी मुरमुऱ्याच्या चिवड्याचा डबा आणून दिला. चिवडा पिशवीत ओतला, पण डबा? करडीत दुसऱ्याचा डबा रिकामा परत जात नाही. जगबुडी झाली तरी त्यात मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काही तरी जातंच. इथे तर सगळा स्वयंपाक आवरलेला, डबे वर चढवलेले. गोदावरीबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जरा विचार केला, आणि डबा काही रिकामा पाठवला नाही. मग सेवकरामनं बॅग बंद केली आणि सगळे जीपमध्ये बसले. जीपच्या टपावर आणखी तीन निळ्या बॅगा होत्या. कुणी लग्नाला चाललेलं, कुणी दवाखान्यात.

भंडारा रोड स्टेशनवर पोचल्याबरोबर कैलाशनं फोन उघडला. "गाडी दोन तास लेट आहे. आरामात बसा."

"मी खिडकीवर इचारून येतो," सेवकराम म्हणाला.

"बाबा, ॲपवर दिसून राहिलं नं!"

"दिसू दे. मी माणसाले इचारतो." आणि सेवकराम गेला.

बसल्याबसल्या कैलाशनं सहज, अगदी सहज, बिल्ल्याचा ठिपका पाहिला. आणि ताडकन उठला. आईची बॅग करडीत होती! नुसती करडीत नाही, करडीत चालत होती!

"आई, आपली बॅग चोरीले गेली!"

"हे काय मग?" गोदावरीबाईंनी मांडीला टेकलेली बॅग थोपटली.

"हे आपली नोहे! जीपमधी बदलली!" त्यानं कुलपाला सातशे एकवीस लावलं. उघडेना. पुन्हा लावलं. उघडेना. "पाह्यलं? नंबरच लागत नाई! दुसऱ्याची आहे!"

आता तो बोटांवर मोजू लागला. तिघांची आधार कार्डं बॅगेत, बाबांच्या बीपीच्या गोळ्या बॅगेत, आईनं समुद्रासाठी घेतलेलं मोरपंखी पातळ बॅगेत. आधार नाही तर टीसी उतरवून देईल आणि समुद्र पुन्हा पुढच्या वर्षावर! सोडायला आलेला त्याचा मित्र विक्की मोटरसायकल घेऊन बाहेरच उभा होता.

"कैलाश, आयक तं, तो बिल्ला नं..." गोदावरीबाई म्हणाल्या.

"हाव आई, त्या बिल्ल्यानंच तं वाचवलं आपल्याले! तू फिकीर नोको करू!"

"अरे पण मी..."

पण कैलाश जिना चढून पूल ओलांडून गेलासुद्धा.

रस्ता पाऊण तासाचा. कैलाशचा हिशोब एकदम पक्का होता, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, अर्धा तास चोरासाठी. विक्की गाडी हाणतोय, कैलाश मागे बसून फोनकडे बघत ओरडतोय.

"आता तो शाळेमागं आहे!"

"कोन?"

"चोर! आता थांबला. आता मंग चालला. आता... विक्की, हा गोल गोल काहून फिरून राहिला बे?"

"घाबरला असन."

मध्येच बाबांचा फोन आला. फोन आला की नकाशा झाकला जातो, म्हणून कैलाशनं तो कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो चिडून म्हणाला, "बाबांले कळत नाई, मी बॅगेच्या मागं आहो म्हणून!"

ठिपका आता गावाबाहेरच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, गेला होता. बोडीचं पाणी उन्हानं निम्मं आटलेलं, काठच्या पाळीवर बेशरमाच्या झुडपांची ही गर्दी. ठिपका त्या झुडपांत शिरला आणि थांबला.

"बॅग फोडून राहिला," कैलाश कुजबुजला.

विक्कीनं एक काडी उचलली. ती त्याच्या बोटापेक्षा जाड नव्हती, पण उचलली. दोघं वाकून वाकून पाळीवर चढले. कैलाशनं फोनवर बटण दाबलं, त्यानं बिल्ला वाजतो. झुडपातून आवाज आला, टीं टीं टीं. आणि त्याच्यामागून, "ब्यॅँऽऽ!"

झुडपातून एक काळी शेळी उसळली, विक्कीच्या दोन पायांमधून गेली, विक्की काडीसकट चिखलात बसला. शेळीच्या गळ्यात लुगड्याची चिंधी, आणि चिंधीत शिवलेला कैलाशचा बिल्ला.

"अगं बाई, सापडली मोना!" पाळीच्या पलीकडून पंचफुला धावत आली. "रोज बापा हे शेळी मले सारी बोडी फिरवते. आज टीं टीं वाजली न् मले पता लागला! तुह्या मायनं डब्यात टाकून पाठवलं रे. म्हणे, हे असलं का वस्तू हरपत नाई. आमची बॅग तं माह्या हातातच राहीन, हरपते तुही मोना. तूच ठेव."

कैलाश पाळीवरच बसला.

"मंग कुलूप काहून नाई उघडलं?" चिखलातून विक्कीनं विचारलं.

तेवढ्यात चौथ्यांदा फोन वाजला. या वेळी कैलाशनं उचलला.

"कुठं आहेस बे?" सेवकराम ओरडत होता. "गाडी लागून राहिली!"

"बाबा, गाडी दोन तास लेट आहे. ॲपवर..."

"ते कालची गाडी पाहून राहिला तू! खिडकीवाल्यानं सांगतलं, आजची टायमावर आहे. माह्यासमोर उभी आहे. आता ॲपमधी बसू का गाडीत बसू?"

"पण बॅगेचं कुलूप..."

"तुहा नंबर कोनाच्या ध्यानात राह्यते? मी सकाळी बदलवला. आपल्या वावराचा गट नंबर टाकला, दोनशे चौदा. आधारबी आहे, गोळ्याबी आहे. तू ये लवकर!"

"बाबा, मी करडीत आहो."

पलीकडून नुसती स्टेशनवरची बाई बोलत होती, गाडी थोड्याच वेळात सुटेल म्हणून. एकतीस वर्षं रोवणीनं, म्हशीनं, चुलत साळ्यांनी जे केलं, तेच आज त्यानं केलं होतं. आणि तेही फोनवर ठिपका बघत बघत.

"तिकिटंबी माह्या फोनमधी आहे," तो पडेल आवाजात म्हणाला.

"मी कागदावर काढून ठेवली होती, असू दे म्हणून. पण तुह्याबिगर कसं जायचं? राहू दे, पुढच्या साली..."

मग फोनमध्ये खडखड झाली आणि गोदावरीबाईंचा आवाज आला. कैलाशशी नाही, नवऱ्याशी. "पुढच्या सालचं नाव नोको काढू जी. बॅग उचला. चढा."

"अवं, पण पोरगा..."

"पोरगा चोवीस सालाचा आहे. समुद्र एकतीस सालांपासून थांबला आहे. चढा म्हटलं नं!"

आणि कैलाशला आईचं पुढचं वाक्य ऐकू आलं नाही, कारण गाडीनं भोंगा दिला.

पुढच्या गाड्यांत आठवडाभर जागा नव्हती. म्हशीचं बघायचं काम विक्कीकडे होतं, पण तो म्हणाला, "आता तू आहेसच नं." आणि चिखल धुवायला गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैलाश बिल्ला परत घ्यायला बोडीवर गेला. मोनाला धरलं, चिंधीची गाठ सोडायला घेतली, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल. उघडून बघतो तर मोरपंखी पातळ! आणि मागे, काय सांगू, सगळं पाणीच पाणी. लाट आली की गोदावरीबाई पातळ वर धरून किंचाळत होत्या आणि सेवकराम त्यांचा हात घट्ट धरून उभा होता, जणू त्याच वाहून जाणार होत्या, तो नाही.

"हा कोनाचा फोन आहे, आई?"

"गाडीतल्या बाईचा. लई गुणाची बाई. तिनंच रूम पाहून देल्ली. तिले मराठी येत नाई, मले तिचं येत नाई. रायपूरपासून बोलून राहिलो!"

"उशी लावली होती का मानेले? पंखा आहे नं? पावर बँक चार्ज..."

"हाव, ते सांगायचंच राह्यलं. तिनं मले डब्यात पिठा देल्ला, त्यांचं ते तांदळाचं गोड गोड. डबा रिकामा कसा देऊ? म्हणून तुही ते उशी देऊन टाकली. तिची मान दुखते. मंग वरच्या बर्थवरच्या आजीनं लोणचं देल्लं, तिले पंखा."

"आन् पावर बँक?"

"ते हॉटेलवाल्यानं चहा देल्ला तवा..." गोदावरीबाईंनी पदर पिळला. "तू रागावला का रे?"

कैलाशनं आईकडे पाहिलं. ओल्या पायांकडे, ओल्या पदराकडे. मोना त्याचा शर्ट चघळत होती.

"नाई आई. तू पाय पसरून पाणी पाह्य."

"तू काय करून राहिला तिथं बोडीवर?"

"काही नाई," तो म्हणाला, आणि त्यानं चिंधीची अर्धी सुटलेली गाठ पुन्हा आवळली.

कॉल संपल्यावर त्यानं ॲप उघडलं. करडीच्या बोडीवर एकच ठिपका होता, 'आईची बॅग'. त्यानं ते नाव पुसलं आणि लिहिलं, 'मोना'.