दोन दारांचा किल्लेदार

"अगं, दोन दारं म्हणजे काय! दहा दारं दे, दहाच्या दहा सांभाळतो!"

हे वाक्य मृत्युंजयनं छाती फुगवून टाकलं, तेव्हा त्याच्या अंगात बनियन होतं, कानावर हेडफोन होता आणि मांडीवर लॅपटॉप होता. म्हणजे बोलण्याला वजन यावं असं अंगावर काही नव्हतं. पण आत्मविश्वास असा, की बघणाऱ्याला वाटावं पन्हाळा याच्याच नावावर आहे!

त्याची बायको शिवलीला हातात झारा घेऊन समोर उभी होती.

"हे बघा, मुरगूडचे पावणं पाच वाजता येणार हायत. विद्याला बघायला! तुमचा गेम बघायला न्हाय! मी आणि अव्वा सैपाकघरात अडकलोय. दार उघडायचं, या म्हणायचं आणि पाणी द्यायचं, एवढंच काम तुमच्याकडं हाय."

"उघडतो की! गेमातबी माझ्याकडं दारच हाय. दाराचा अनुभव माझ्याइतका सगळ्या राजारामपुरीत कुणाला न्हाय!"

"आणि चुकलं तर?"

"दोनातलं एक जरी दार चुकलं, तर माझ्या हातानं गेम काढून टाकतो. देवाशपथ!"

"विद्या, ऐकलंस न्हवं?" शिवलीलानं आतल्या खोलीकडं बघून साक्षीदार गोळा केला.

"ऐकलं की!" आतून आवाज आला.

विद्याश्री म्हणजे शिवलीलाची धाकटी बहीण. बँकेच्या परीक्षांसाठी वर्षभर इथंच राहायला होती. दर रविवारी दुपारी ती खोलीचं दार लावून अभ्यासाला बसायची, ते थेट संध्याकाळी बाहेर यायची. चेहरा लाल, केस विस्कटलेले! मेहुणीच्या या चिकाटीचं मृत्युंजयला फार कौतुक वाटायचं.

आता, शपथ घ्यायला काही लागत नाही. पण ही शपथ मृत्युंजयला फार महाग पडणारी होती. सोमवार ते शनिवार तो एका पतसंस्थेत खिडकीमागं बसायचा. तिथं त्याला "ओ साहेब, पासबुक भरून द्या" यापलीकडं कुणी काही म्हणत नसे. पण रविवारी चार वाजता 'रणकुंड' हा गेम सुरू झाला, की अख्खी फौज त्याला "किल्लेदार! किल्लेदार!" म्हणून हाका मारायची. या एका हाकेवर बिचारा आठवडा काढायचा.

रणकुंडात दोन फळ्या. एक अग्निध्वज, एक हिमध्वज. एकीचं निशाण लाल, दुसरीचं शुभ्र. ज्यानं कुणी ही नावं ठेवली त्याला कोल्हापूर माहीत नसावं. इथं पहिल्या आठवड्यातच मटणाच्या रश्श्यावरून त्यांचं 'तांबडे' आणि 'पांढरे' झालं. मृत्युंजय तांबड्यांचा किल्लेदार. ज्याच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलं नाही, तो माणूस तांबड्यांचा किल्लेदार!

फळीशिवाय प्रत्येकाला गेममध्ये एक काम नेमून घ्यावं लागतं. त्याला क्लास म्हणतात. कुणी तिरंदाज, कुणी मांत्रिक, कुणी वैद्य. मृत्युंजयचा क्लास ढालकरी. ढालकऱ्याचं काम म्हणजे पुढं उभं राहून सगळ्यांच्या वाटणीचा मार खाणं. नाव मृत्युंजय, पण मरायचा दर दहा मिनिटांनी! त्यातही पांढऱ्यांची 'लवंगी' नावाची एक मांत्रिक होती. तिचा आगीचा गोळा दर रविवारी नेमका याच्या टाळक्यात बसायचा. ही बया आपल्या मनातलं आधी ओळखते कशी, हे कोडं त्याला अजून सुटलेलं नव्हतं.

सासूबाई रत्नव्वा, म्हणजे शिवलीलाची अव्वा, शिरोळकडच्या. पाव्हण्यांसाठी म्हणून त्या आदल्या दिवशीच आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, "जावईबापू, रविवारचा तुमचा क्लास असतोय म्हणं. कसला?"

"ढालकऱ्याचा."

"शिका बाबा, शिका. परमोशनला उपयोगी पडंल!"

मृत्युंजयनं खुलासा केला नाही. उलट आदरानं मान हलवली. ही त्याची पहिली चूक.

चार वाजले, रणशिंग वाजलं आणि पांढऱ्यांनी किल्ल्याच्या दाराला ओंडका लावला. धाड! धाड! किल्ल्याचं दार एकाच गोष्टीनं उघडतं. किल्लेदाराच्या पडद्यावर कोपऱ्यात किल्लीचं हिरवं चित्र असतं, ते दाबलं की उघडलं. बाकी ओंडके कितीही मारा! त्यामुळं ते चित्र न दाबणं हेच मृत्युंजयचं शौर्य.

"किल्लेदार, सावध!" हेडफोनमधून त्याचा तिरंदाज धैर्यशील ओरडला. "मागच्या टायमाला पांढरं अंगाला तांबडा रंग फासून आलतं. आजबी तसंच येणार. फसू नका!"

"येऊ देत की! मी काय बोळ्यानं दूध पितोय व्हय?"

धाड! धाड! धाड!

"ओ पावणं! दार उघडा की!" आवाज आला.

आता हा आवाज हेडफोनच्या आतून आला की बाहेरून, याचा विचार शहाण्या माणसानं केला असता. पण पांढऱ्यांच्या फौजेत निम्मे लोक आसपासचेच होते. तेही "पावणं" म्हणूनच तलवार मारायचे. मृत्युंजयला शंका येणार कशी? मुरगूडकरांची गाडी ठरल्या वेळेच्या तासभर आधीच पोचली होती आणि नवऱ्या मुलाचे मामा रामलिंग खऱ्या दारावर खऱ्या मुठीनं धडका देत होते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"उघडणार न्हाय!" मृत्युंजय गरजला.

बाहेरून जरा चाचरत आवाज आला, "अवो, आम्हीच हाय. बोलावलंय न्हवं तुमी?"

"वळखलंय तुमास्नी! पांढरं ते पांढरंच! तांबडा रंग फासला म्हणून कळत न्हाय व्हय आमाला?"

इथं एक सांगायला हवं. नवऱ्या मुलाचे केस ऐन पंचविशीत पिकले होते. ही गोष्ट घरच्यांनी अगदी दाबून ठेवली होती. त्याच दिवशी सकाळी आत्यानं त्याच्या डोक्याला मेंदी लावून दिली होती आणि ती जरा जास्तच तांबडी चढली होती. मुलाचा हात आपोआप डोक्याकडं गेला.

"कु… कुणी सांगितलं तुमाला?" तो बारीक आवाजात म्हणाला.

"आमची माणसं हायत तुमच्यात!" मृत्युंजयनं ठोकून दिलं.

बाहेर रामलिंगमामांनी वळून आत्याकडं पाहिलं. आत्यानं काकांकडं पाहिलं. काका जिन्याच्या कठड्याकडं बघत राहिले.

"आता जर दाराला हात लावला," आतून शेवटचा इशारा आला, "तर वरनं उकळतं तेल वततो!"

आणि नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरात शिवलीलानं भज्यांचा पहिला घाणा सोडला. चर्रर्र! आवाज थेट जिन्यापर्यंत गेला. पाठोपाठ तापल्या तेलाचा वासही. मुरगूडकर चपला हातात घेऊन जिना उतरले!

"पळालं! पांढरं पळालं!" मृत्युंजय खुर्चीवर उभा राहिला.

"कुठं पळालं?" धैर्यशील वैतागला. "हितंच हायत की समदी!"

मृत्युंजय गोंधळला. तेवढ्यात गॅलरीतून किंकाळी आली. शिवलीला पिठाच्या हातांनीच धावत आली आणि तिनं त्याच्या कानावरचा हेडफोन उपटला.

"अहो! पावणं खाली गाडीत बसाय लागल्यात! काय म्हणलासा तुमी त्यास्नी?"

उकळतं तेल, रंग, आमची माणसं! मृत्युंजयला सगळं एकदम आठवलं. पळावं तर किल्ल्याचं दार बेवारस, न पळावं तर घराचं दार गेलंच! इतका वाईट चेहरा त्यानं ऑडिटच्या दिवशीसुद्धा केला नव्हता.

तेवढ्यात विद्याश्री बाहेर आली. साडी, गजरा आणि कमालीची शांत!

"दाजी, तुमी पळा. हितं अव्वाला बसवते."

देवासारखी धावून आली पोरगी, असं मृत्युंजयला वाटलं. खरंच वाटलं! तो अंगात शर्ट अडकवत जिना उतरला.

गाडी कोपऱ्यावर वळत होती. तो आडवा झाला.

"पावणं, थांबा! गैरसमज झाला! मी तुमास्नी न्हवतो म्हणलो, पांढऱ्यास्नी म्हणलो!"

नवऱ्या मुलानं डोक्यावर रुमाल टाकला.

"आणि ते तेल?" रामलिंगमामांनी काच अर्धी खाली करून विचारलं.

"त्याचं काय एवढं मनावर घेताय! दर रविवारी वततो की!"

काच वर गेली. गाडीही गेली.

एक दार गेलं. पण निदान किल्ला तरी आहे, या आशेवर मृत्युंजय धापा टाकत वर आला आणि उंबऱ्यातच थिजला. रत्नव्वा त्याच्या खुर्चीत मांडी घालून बसल्या होत्या. डोक्यावरच्या पदरावरून हेडफोन लावला होता, त्याचा आवाज खोलीभर ऐकू येईल इतका वाढवला होता आणि माइकमध्ये त्या लांबच्या गावाला फोन लावल्यासारख्या ओरडत होत्या.

"या या पावणं! उन्हातनं आलासा! किती येळ झाला दारात हुबी हायत ही माणसं, कुणी आत म्हणंना! विद्या म्हणाली, अव्वा, क्लासला कोण आलं तर हे हिरवं दाब, दार उघडतंय. दाबलं बघा!"

पडद्यावर किल्ल्याचं दार सताड उघडं होतं. पांढऱ्यांची फौज आत आली होती आणि तलवारी उपसून जागच्या जागी उभी होती. कारण असं स्वागत त्यांचं कुठल्याच किल्ल्यात झालं नव्हतं!

"हातातलं ते खाली ठेवा आदी!" रत्नव्वा म्हणाल्या. "कुणाच्याबी घरात असं विळं-कोयतं घिऊन येतात व्हय?"

निम्म्या लोकांनी तलवारी खाली ठेवल्या.

"किल्लेदार! दार लावा! दार!" धैर्यशीलचा जीव कासावीस झाला.

"कोण रं त्यो? पावणं घरात आल्यावर आरडतोय! तुला काय वळण लावलंय का न्हाय कुणी?"

धैर्यशीलनं धनुष्य खाली घेतलं. त्याच्याबरोबर सगळ्या तिरंदाजांनीही घेतली. मृत्युंजयनं पुढं झेप घेतली, पण रत्नव्वांनी डावा हात आडवा धरला. पाव्हण्यांची चौकशी चालू असताना मधे बोललेलं त्यांना खपत नसे.

"म्होरं हुबारलाईस त्यो तू रं बाळ, नाव काय तुझं?"

"सोमेश." पांढऱ्यांचा म्होरक्या नम्रपणे म्हणाला.

"कुणातला?"

"वैद्यातला." त्यानं आपला क्लास सांगितला.

"डागदर!" रत्नव्वांचे डोळे चमकले. "गाव?"

"जयसिंगपूर."

"अगं बाई! आमच्याच तालुक्यातलं! दवाखाना कुठं हाय?"

"दवाखाना न्हाय, मावशी. शेतीच्या पंपांचं दुकान हाय. बिघडलेला पंपबी दुरुस्त करून देतो."

"मग डागदरच की! माणसं काय, कुणीबी बरी करतंय. पंप बरा करणारा घावत न्हाय! लगीन झालंय?"

"न्हाय अजून."

"केस?"

"ऑं?"

"डोस्क्यावरचं केस! काळं हायत का?"

"काळं हायत की!"

"मग ये पुढच्या रविवारी चहाला. शेंगापोळी करून ठेवते."

पांढऱ्यांच्या फौजेत एकच जल्लोष झाला. किल्ल्यावरचा तांबडा झेंडा उतरला, पांढरा चढला. मृत्युंजय भिंतीला टेकून खाली बसला. आठवड्यातली ती एक हाक होती, तीही गेली.

"लवंगे, मानलं तुला!" हेडफोनमधून सोमेशचा आवाज फुटला. "दाजी चारनंतर जाग्यावरनं उठणार म्हणलीस, तसंच झालं!"

मृत्युंजयनं हळूच मान वर केली. विद्याश्री दारात उभी होती. गजरा डाव्या खांद्यावर, मोबाइल उजव्या हातात, आणि मोबाइलवर आगीचा गोळा अजून फिरत होता.

"तू? लवंगी?" त्यानं डोळे चोळले. "दर रविवारी मला जाळतीस ती तू? भिंतीपलीकडं बसून?"

"दाजी, भिंत लई पातळ हाय. तुमी काय करणार ते तुमीच मोठ्यानं वरडून सांगताय."

"आणि मुरगूडचं स्थळ?"

"त्यास्नी कसं घालवायचं या काळजीत चार दिवस झोप न्हवती. म्या म्हणलं, दार उघडायला म्हणून तुमाला जाग्यावरनं उठवू, आदी किल्ला घिऊ, पावण्यांचं मागनं बघू. पण तुमी तर त्यास्नी जिन्यावरनंच घालवलं! लई उपकार झालं, दाजी!"

शिवलीलानं लॅपटॉप उचलून मृत्युंजयच्या मांडीवर ठेवला आणि झारा घेऊन समोर उभी राहिली. दोनातलं एक चुकलं असतं तरी शपथ लागू होती. इथं दोन्ही चुकली होती. त्यानं स्वतःच्या हातानं गेम काढून टाकला. काढताना डोळ्यात पाणी आलं, पण ते कांद्याच्या भज्यांमुळं, असं तो अजून सांगतो.

पुढच्या रविवारी चार वाजता दारावर थाप पडली. घरात शेंगापोळीचा वास सुटला होता. मृत्युंजय इस्त्रीचा शर्ट घालून दारामागंच उभा होता. कडीवर हात होता आणि मनात सूड होता.

"कोण हाय?"

"पावणं. सोमेश."

"तांबडा का पांढरा?"

"दाजी, उघडा की!"

"उघडणार न्ह…"

"जावईबापू! कडी काढा!" स्वयंपाकघरातून रत्नव्वांचा हुकूम आला.

त्यानं कडी काढली. समोर काळ्याभोर केसांचा तरुण हात जोडून उभा होता.

"नमस्कार किल्लेदार!" तो म्हणाला.

मृत्युंजयचा ऊर भरून आला. शत्रू का असेना, पोरगा दिलदार आहे! मान ओळखतो! त्यानं सूड विसरून हात जोडले, चेहऱ्यावर मोठं हसू आणलं आणि म्हणाला, "नमस्कार, नमस्कार! या!"

पण सोमेश त्याच्या बगलेतून कधीच पुढं गेला होता. पांढऱ्यांनी गेल्या रविवारीच एकमतानं ठराव करून किल्ला रत्नव्वांच्या नावावर केला होता, आणि सोमेश स्वयंपाकघराच्या दारात वाकून त्यांच्या पाया पडत होता.