तीन प्लेट नूडल्सचा उत्पादन खर्च

कशाला काय खर्च येतो, हे मला विचारावं! पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी मालाचा उत्पादन खर्च काढतो. पंपाचं सोडा, त्याच्या झाकणाच्या एका स्क्रूला किती पैसे पडतात, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. कारखान्यात मला सगळे वचकून असतात. घरी कोणी वचकत नाही, आणि पुढची सगळी हकिगत त्यातूनच घडली.

दर शुक्रवारी आमच्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानातून नूडल्स येतात. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर उभी असते, घरी येऊन सहा दिवस रांधते, आणि शुक्रवारी मात्र सोफ्यावर पाय वर घेऊन बसते. आठवड्यातली तेवढीच एक संध्याकाळ तिची. हे मला माहीत होतं. तरी एका शुक्रवारी बिल पाहून तोंडातून निघून गेलं, "तीन प्लेटचे तीनशे साठ? अरे, घरी शंभरात होतील!"

बायकोने पाय खाली घेतले.

"कोण करणार?"

"मी करतो की."

"पुढच्या शुक्रवारी कर. दुकानापेक्षा स्वस्त पडलं तर बाहेरचं कायमचं बंद, शुक्रवारीही मी रांधेन. महाग पडलं तर पुन्हा त्या बिलावर एक अक्षर बोलायचं नाही."

"कबूल," मी म्हणालो. मनातल्या मनात मी जिंकूनही टाकलं होतं.

पंच म्हणून सासूबाई. त्या महिनाभर राहायला आल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत परीक्षा घेतल्या आहेत, आणि अजूनही जेवताना कोणी शेजारच्याच्या ताटात पाहिलं तर त्या घसा खाकरतात. मी रुबाबात कारखान्याचा छापील तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. कच्चा माल, इंधन, मजुरी, वाया गेलेला माल, सगळे रकाने तयार. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि माझी सही घेतली.

"मजुरीचा दर सांगा, जावईबापू."

"मजुरी कसली, आई? मी घरचाच माणूस."

"रकाना आहे. कोरा ठेवता येत नाही."

इथे मी शहाणपणाने एखादा किरकोळ आकडा सांगायला हवा होता. पण हुद्द्याचा प्रश्न आला. मी माझा कारखान्यातला तासाचा पगार सांगितला, तीनशे. सासूबाईंनी तो लिहून घेतला. बायकोला उगाच खोकला आला.

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला मी ॲप्रन बांधला. सासूबाई घड्याळ घेऊन स्टुलावर बसल्या. पहिली चकमक सॉसच्या तीन बाटल्यांवरून झाली.

"यातला एकेक चमचाच लागणार आहे, आई. तेवढेच पैसे धरा."

"आणि उरलेलं?"

"संपेल की हळूहळू."

त्यांनी फ्रिजचं दार उघडलं. आत माझ्याच मागच्या उत्साहाच्या चार बाटल्या उभ्या होत्या, प्रत्येकीतला एकेक चमचा गेलेला. तिन्ही बाटल्या पूर्ण किमतीला लागल्या.

मग गाजर. कारखान्यात मिलिमीटरही इकडचा तिकडे चालत नाही, त्यामुळे एका गाजराला अकरा मिनिटं लागली. पहिल्या नूडल्स तर पातेल्यातून अखंड बाहेर आल्या, थेट पातेल्याच्याच आकाराच्या. ताटलीत ठेवल्या तर त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या.

"वाया गेलेला माल, एक," सासूबाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

सात वाजता बायकोने दुकानात फोन करून तीन प्लेट सांगितल्या आणि ती सोफ्यावर जाऊन बसली. सासूबाईही तासाभराची मालिका पाहायला बाहेर गेल्या. मी घाईघाईने स्वयंपाकघराचं दार लोटलं, त्याच दुकानात फोन लावला आणि हळू आवाजात म्हणालो, "जरा आचाऱ्याला देता?"

आचारी आला. मी विचारलं, "नूडल्स नेमक्या किती वेळ उकळायच्या हो?"

पलीकडे झारा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "साहेब, वीस वर्षं झाली या चुलीपाशी. हे मला आजवर कोणी विचारलं नाही."

आणि तो सुटला. पाणी किती, मीठ कधी, तेल कुठल्या क्षणाला. "फोन ठेवू नका, पातेल्यावर धरा. मला आवाज ऐकू द्या." मी धरला. "आच वाढवा. अजून. हां, आता बरोबर बोलतंय." मागे कोणीतरी त्याच्या नावाने शंख करत होतं.

"तुम्हाला बोलावताहेत वाटतं," मी म्हणालो.

"बोलावू दे. ऑर्डरी रोजच्याच आहेत. तुम्ही कांदा घाला."

सव्वाआठला मी खरोखरच्या, सुट्ट्या, चमकणाऱ्या नूडल्सच्या तीन प्लेट टेबलावर मांडल्या. इतका अभिमान मला पगारवाढीच्या दिवशीही वाटला नव्हता! पण दुकानातल्या नूडल्सचा पत्ता नव्हता.

"दोन्ही माल समोर आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही," सासूबाईंनी बजावलं. आम्ही तिघं भुकेने व्याकूळ होऊन माझ्या नूडल्स थंड होताना पाहत बसलो.

पावणेनऊला दारात खुद्द दुकानदार आला. घामाघूम.

"माफ करा, ताई. आमचा आचारी तासभर फोन सोडायलाच तयार नव्हता. कोण माणूस होता देव जाणे. सगळ्या ऑर्डरी रखडल्या. तुमच्याकडून पैसे घेणार नाही. हे सूपही आमच्यातर्फे."

मी छताकडे पाहू लागलो.

दुकानदार गेल्यावर सासूबाईंनी पेनचं टोपण काढलं. "घरचा खर्च. मजुरी सहाशे, बाटल्या दोनशे चाळीस, बाकी माल आणि गॅस एकशे चाळीस. एकूण नऊशे ऐंशी. बाहेरचा?"

"शून्य," बायको म्हणाली.

"अहो, पण हा अपवाद झाला!"

"अपवादाला रकाना नाही. आणि तक्त्याची शेवटची ओळ अशी आहे." त्या परीक्षेच्या सूचना वाचाव्यात तशा वाचू लागल्या. "बाहेरचा माल स्वस्त पडल्यास कारखान्याने संबंधित विभाग तत्काळ बंद करावा. खाली सही तुमची आहे."

शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारावर कागद लागला होता : विभाग बंद. मायलेकी बाहेर नाश्ता करायला गेल्या होत्या. चार दिवस आम्ही तिन्ही त्रिकाळ विकतचं खाल्लं, पैसे अर्थात मी भरले. बुधवारी मी नाक मुठीत धरून विभाग पुन्हा सुरू करण्यासाठी रीतसर अर्ज लिहिला. सासूबाईंनी मिनिटभरात लाल शाईने शेरा मारला : "मंजूर. मजुरीचा दर ज्या कामगाराच्या नावे ठरला आहे, त्यानेच काम करावे."

तेव्हापासून सहा दिवस मी रांधतो. मजुरी अजून हाती आलेली नाही. तिसऱ्याच दिवशी, जळकं पातेलं घासता घासता, मला बायकोच्या शुक्रवारची खरी किंमत कळली आणि स्वतःची मनापासून लाज वाटली. तसं मी तिला सांगितलंही. तिने मान डोलावली आणि उद्या काय करणार आहेस, असं विचारलं.

परवाच्या शुक्रवारी दुकानदाराने पार्सल हातात देताना चाचरत सांगितलं, "साहेब, भाव वाढवावे लागले. तीन प्लेटचे चारशे वीस झाले."

मी म्हणालो, "एवढेच?"