बाबांचं गाणं आणि मागची घूं

"आठ दिवसांत आईले बाबाचा आवाज ऐकवतो," असं राजदीप मनवरने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घरात जाहीर केलं, तेव्हा त्याने सोल्डरिंग आयर्न आयुष्यात एकदाही हातात धरलेलं नव्हतं. लोहाऱ्याच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. वस्तू मोजायची त्याला सवय होती, उघडायची नव्हती. पण व्हॉल्ववाल्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचं किट पार्सलने आलं, त्यातून बोटाएवढे दोन काचेचे व्हॉल्व निघाले, आणि गडी हवेतच गेला.

कारण मात्र खरं होतं. त्याचे बाबा, गोविंदा मनवर, गायन पार्टीत भीमगीतं गायचे. ते जाऊन बारा वर्षं झाली. मागे राहिली घरातच भरलेली एका गाण्याची कॅसेट. राजदीपचा मेहुणा विक्की मोबाइल दुरुस्त करायचा. त्याने ते गाणं मोबाइलमध्ये उतरवून दिलं. पण आईला, इंदूबाईंना, आता कमी ऐकू यायचं. मोबाइल कानाला लावून त्या म्हणाल्या, "कोणीतरी गाऊन राह्यलं एवढं समजते. पण हा तुह्या बाबाचा आवाज होय, असं नाई वाटत." हे राजदीपच्या जिव्हारी लागलं. पंचवीस मेला बाबांचा स्मृतिदिन होता. तोवर आईला तो आवाज नीट ऐकवायचाच, असं त्याने ठरवलं.

आठाचे बारा दिवस झाले. तीन बोटं भाजली, जेवणाच्या टेबलाला भोक पडलं, पण व्हॉल्व पेटले. राजदीपने हेडफोन चढवला, गाणं लावलं, आणि बाबांच्या आवाजामागून एक जाडजूड घूं आली. मोबाइलवर ती कधीच ऐकू आली नव्हती. म्हणजे दोष अ‍ॅम्प्लिफायरचाच.

विक्की म्हणाला, "भाऊजी, अर्थिंग नसन बराबर."

झालं. राजदीपने मागच्या अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि दहा किलो मीठ ओतलं. जागा निवडली ती नेमकी बायकोच्या, प्रियंकाच्या, कढीपत्त्याच्या बुडाशी. घूं कायम राहिली. कढीपत्ता मात्र आठवड्यात माना टाकून मोकळा झाला.

"मंग स्टीलच्या डब्यात बसवा," विक्कीचा पुढचा सल्ला आला. पोह्यांच्या डब्याला ड्रिलने दोन भोकं पडली.

"आवो, पोहे कायच्यात ठेवू मी आता?" प्रियंकाने विचारलं. "तुमच्या हेडफोनात?"

मग संशय फ्रिजवर गेला. राजदीपने दिवसभर फ्रिज बंद ठेवला. दोन लिटर दूध नासलं, घूं जशीच्या तशी. विक्कीसुद्धा कंटाळला. "भाऊजी, दुसरं गाणं तं लावून पाहा एखादं," तो म्हणाला. राजदीपला याचा रागच आला. ज्या गाण्यासाठी एवढा खटाटोप, ते सोडून भलतंच कायले लावू, म्हणाला. रोज तेच गाणं लावायचं, अर्ध्या मिनिटात घूं ऐकायची, चडफडत बंद करायचं आणि पुन्हा स्क्रू खोलायचे.

इंदूबाई रोज विचारत, "ऐकू दे ना मले, बाबू."

"थांब आई. घूं जाऊ दे पयले."

पंचवीस मे उजाडला. दुपारी पंचेचाळीस डिग्री. आता संशयित एकच उरला होता, कूलर. यवतमाळात मे महिन्यात कूलर बंद होतो तो लाइट गेल्यावर. राजदीपने तो आपल्या हाताने बंद केला. प्रियंका त्याच्याकडे बघत पदराने वारा घेऊ लागली.

घूं तशीच होती.

राजदीपने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकत्रच वाहत होतं. "नाई जमत मले," तो म्हणाला. "बाबाचा एक आवाज तुले ऐकवता नाई आला."

इंदूबाईंनी न विचारता हेडफोन उचलून कानाला लावला आणि गाणं पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. त्या डोळे मिटून बसल्या. गाणं चार मिनिटांचं होतं. तीन आठवड्यांत ते शेवटपर्यंत पहिल्यांदाच वाजत होतं.

मध्येच त्या हसल्या. हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशा मोठ्याने म्हणाल्या, "हा आपला जुना कूलर होय. लोखंडी. असाच घुमे मेला."

राजदीपला वाटलं, उन्हाने आईला काहीतरी झालं. तेवढ्यात त्यांनी हेडफोन काढून त्याच्या कानाला लावला. गाणं संपलं होतं. घूं चालूच होती, आणि तिच्यातून बाबा वैतागून बोलत होते, "इंदू, थो कूलर बंद कर ना वो. सारं गाणं खराब करून राह्यला."

मग एक तरुण बाई हळूच म्हणाली, "नाई करत. राजू उठन. आताच निजला."

खट् झालं आणि कॅसेट संपली.

राजदीप पोह्यांच्या डब्याकडे बघत राहिला. त्याने बनवलेलं यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर चालत होतं; मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला न पेललेली कॅसेटमधली घूं ते इमानेइतबारे ऐकवत होतं. ज्या घूंच्या मागे तो तीन आठवडे हात धुऊन लागला होता, ती त्याच्याच झोपेसाठी चालू ठेवलेली होती.

"अजून एकडाव लाव," इंदूबाईंनी हेडफोन परत घेतला. "त्याचाच आवाज होय थो. असाच करवादे."

राजदीपने गाणं पुन्हा लावलं. प्रियंकाने उठून कूलर चालू केला, पदराने तोंड पुसलं आणि शांतपणे विचारलं, "आन् माहा कढीपत्ता?"