मगदूम सरांच्या नोंदी

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलमावशींना मगदूम सरांनी एकदा लेखी शेरा दिला : 'चव समाधानकारक. मिठाबाबत उपचारात्मक अध्यापनाची गरज.'

मावशी चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आल्या. अर्थ कळल्यावर व्हरांड्यातूनच ओरडल्या, "आवं सर, मीठ कमी हाय म्हणा की सरळ!"

"कमी हाय हे निदान झालं, मावशी. पुढं उपाय नको व्हय?" असं म्हणून सर स्वतः मिठाचं माप दाखवायला चुलीपाशी गेले.

तासगावजवळच्या त्या शाळेत मी औंधहून नवीनच आले होते. आकारिक मूल्यमापन कुठलं आणि संकलित कुठलं, यात माझा हमखास घोटाळा व्हायचा. सरांनी मला शाळेमागच्या द्राक्षबागेपाशी नेलं.

"बाई, बाग उभी असताना पानं बघून पाणी कमी-जास्त करायचं, ते आकारिक. माल उतरल्यावर गोडी बघायची, ते संकलित. तवा गोडी नुसती कळती, वाढवता येत न्हाई."

मुलांच्या वर्णनात्मक नोंदी आम्ही सगळे वर्षाअखेरीला एका बैठकीत उरकायचो. सर रोज लिहायचे. 'हातचा विसरते. विसरल्यावर हसते.' शिक्षकखोलीत आम्ही त्या मोठ्यानं वाचून हसायचो. शाळा सुटली की ते मिनिटभरही थांबत नसत, म्हणून त्यांना घरकोंबडाही म्हणायचो.

एकदा तपासणीच्या दिवशीच सर तापानं आजारी पडले. नोंदवही आणायला मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. खिडकीशी खुर्चीत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी ओठ हलवले, आवाज आला नाही. दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानं काकूंची वाचा गेली होती. शाळेत कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

सरांनी अंथरुणातूनच कपाट दाखवलं. मी एक वही काढून उघडली.

'पूर्वज्ञान : सगळी गाणी पाठ होती. आज "पाणी" म्हणाली. मदतीशिवाय.'

'खिडकीला "खि" म्हणाली. थकली. थांबलो.'

'चित्र बघून "चहा" आलं. दोघं हसलो.'

श्रेणीचा रकाना पानोपानी कोरा होता.

"ती न्हवं, बाई. शेजारची निळी."

मी वही मिटली. निळी घेऊन शाळेत परतले. त्यानंतर शिक्षकखोलीत माझं हसणं बंद झालं.

दिवाळीच्या सुट्टीत काकू गेल्या. मी भेटायला गेले, तेव्हा सर भिंतीला टेकून बसले होते.

"बरेच शब्द आले तिला शेवटी," ते म्हणाले. "लेकीचं नाव आलं. स्पष्ट."

"आणि तुमचं?" मी विचारून बसले.

सरांनी मान हलवली.

"ते कवा विचारलंच न्हाई मी. आलं नसतं, तर तिला लय वाईट वाटलं असतं."